पोट्टं लागलं का?

बडनेऱ्याच्या फलाटावर दुपारी महाराष्ट्र एक्स्प्रेसची वाट पाहत अर्धा तास उभं राहिलं की गावातल्या निम्म्या बातम्या आपोआप कानावर पडतात. कोण पुण्याला शिकायला चाललं, कोणाची सोयरीक मोडली, जुन्या वस्तीत कोणाचं घर विकायला निघालं. मागे एकदा असाच उभा होतो. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची दोन पोरं होती. एकाच्या पाठीला लांबोडकी, निमुळती बॅग. दुसऱ्यापाशी कापसाच्या गाठीएवढा अवाढव्य गठ्ठा. बाकड्यावरच्या म्हाताऱ्या आबाजींना राहवलं नाही.

"क्रिकेट का बॉ?"

"नाही आबाजी, हाकी. मी गोलकीपर हाओ."

"हाकी खेयून का भेटते?"

पोरगं काही बोललं नाही. मग आबाजींनीच आपल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं, "रेल्वेत लागला त मंग ठीक हाये."

मला त्यांचा राग आला. पोरं कुठल्याशा निवड चाचणीला निघालेली, डोळ्यांत भारताची जर्सी, आणि आपण त्यांना नोकरीचं विचारतो! वऱ्हाडात कोणत्याही गुणाचा हिशेब शेवटी या एकाच क्रियापदाशी येऊन थांबतो. लागणं. पोट्टं लागलं का? कुठं लागलं? परमनंट लागलं का? गायक असो, पैलवान असो, गणितात पहिला आलेला असो, लागला तर त्याचं नाव घ्यायचं. शिकल्यासवरल्या माणसाला हे क्रियापद जरा हलकं वाटतं. मलाही वाटायचं. पुढे हॉकीपटूंच्या आयुष्यांबद्दल जसजसं वाचत गेलो तसतसं कळत गेलं की आबाजींनी त्या खेळाबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न विचारला होता.

ध्यानचंद यांच्यापासूनच बघू. आपण त्यांना जादूगार म्हणतो आणि जादूपाशी थांबतो. पण १९२२ मध्ये हा मुलगा सैन्यात शिपाई म्हणून भरती झाला आणि १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाला. चौतीस वर्षांची नोकरी. हॉकी त्या नोकरीच्या आत घडली. १९४८ ला लंडनमध्ये वेम्ब्लीवर ब्रिटनला ४-० हरवणाऱ्या संघाचे कर्णधार किशनलाल रेल्वेचे नोकर. १९५२ ला हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात एकट्याने पाच गोल करणारे बलबीरसिंग पंजाब पोलिसातले. त्या काळी ऑलिम्पिक हे हौशी खेळाडूंचं असायचं, पैसे घेऊन खेळणाऱ्याला मज्जाव. आता, हौस करायची तर आधी घरात खायला असावं लागतं. पलटण आणि रेल्वे यांनी हा पेच आपल्या पद्धतीने सोडवला. पगार हुद्द्याचा घ्यायचा, वेळ मैदानाला द्यायचा. सुवर्णपदकांचा तो सगळा काळ हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसांनी उभा केला, हे आपल्या शौर्यगाथांमध्ये येत नाही. एवढा मोठा खेळाडू दर महिन्याला पगाराच्या रांगेत उभा राहत असेल, हे चित्र गाथेत बसत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

लेस्ली क्लॉडियस यांची गोष्ट तर मला फार आवडते. जन्म बिलासपूरचा, रेल्वे वस्तीतला. बंगाल नागपूर रेल्वेच्या खरगपूरला हा पोरगा फुटबॉल खेळायचा. १९४६ मध्ये एकदा हॉकीच्या संघात माणूस कमी पडला, तेव्हा १९३२ च्या ऑलिम्पिक सुवर्णसंघातल्या डिकी कार यांनी त्याला मैदानात ओढलं. दोन वर्षांत तो लंडनला होता. पुढे सलग चार ऑलिम्पिक, तीन सुवर्ण आणि एक रौप्य. नोकरी कलकत्त्याच्या कस्टम्समध्ये. हा योगायोग म्हणायचा तर त्यात काय काय जुळून आलं ते बघा. रेल्वेची वस्ती होती, वस्तीला लागून मैदान होतं, आणि त्या मैदानावर संध्याकाळी ऑलिम्पिक विजेता स्वतः काठी घेऊन यायचा. एवढं जुळलं की माणूस कमी पडणंही उपयोगाला येतं.

आता रेल्वेचा नकाशा काढा. मुंबईहून निघालेली गीतांजली बडनेऱ्याला थांबते, नागपूर करते, मग बिलासपूर, मग राउरकेला, मग खरगपूर, मग हावडा. क्लॉडियस यांचं बिलासपूर आणि खरगपूर आपल्याच रुळांवर. राउरकेला ज्या सुंदरगड जिल्ह्यात आहे तिथून दिलीप तिर्की आले, चारशेच्या वर आंतरराष्ट्रीय सामने आणि तीन ऑलिम्पिक खेळले. त्याच जिल्ह्यातले बिरेंद्र लाकडा आणि अमित रोहिदास टोकियोत ब्राँझ जिंकणाऱ्या संघात होते. एकाच लोहमार्गावर हॉकीची इतकी गावं. मग ती गाडी आमच्या बडनेऱ्यात काहीच न उतरवता कशी गेली?

याचं सोपं उत्तर 'आपल्याकडे खेळाची आवडच नाही' असं दिलं जातं. ते खोटं आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या मंडळींनी तिथे जाऊन कबड्डी आणि आपले देशी व्यायाम करून दाखवले. १५ ऑगस्टला त्याच बर्लिनमध्ये ध्यानचंद यांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं धुतलं. म्हणजे एकाच शहरात, एकाच उन्हाळ्यात, भारतातून गेलेले दोन चमू. एक काठीवाला आणि एक लंगोटवाला. वऱ्हाडाने लंगोट निवडला होता. त्यात कमीपणा नाही. कबड्डीला चार ढांगांचं अंगण पुरतं, कुस्तीला हौदाभर लाल माती. हॉकीला सपाट, टणक, गवताचं मोठं रान लागतं, आणि आपली जमीन कशी? काळी. उन्हाळ्यात पाऊल आत जाईल अशा भेगा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. भेगाळल्या जमिनीवर हॉकीचा चेंडू सरळ जात नाही, उसळून थेट तोंडावर येतो. जी माती कापसाला मानवते ती हॉकीला मानवत नाही. हे कोणत्याही क्रीडा धोरणात लिहिलेलं मला दिसलं नाही, पण शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

दुसरं, बडनेरा जंक्शन असलं तरी ते कापूस बाहेर काढण्यासाठी. मोठं लोको शेड आणि त्याबरोबर येणारी हजारोंची रेल्वे वस्ती भुसावळला गेली. आमच्याकडे जुनी वस्ती आणि नवी वस्ती, मधून रूळ. कारखान्याची कॉलनी नाही म्हणून कॉलनीचं मैदानही नाही.

कॉलनीच्या मैदानाने काय होतं ते खडकीत दिसतं. धनराज पिल्ले यांचे वडील नागलिंगम पुण्याजवळच्या खडकीत दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखायचे. ग्राउंड्समन. घर कारखान्याच्या वसाहतीत, मैदान पावलावर, तुटलेल्या काठ्या दोरीने करकचून बांधून भावांनी वापरलेल्या. थोरले भाऊ रमेश मुंबईत आरसीएफकडून खेळत, त्यांच्या मागोमाग धनराज मुंबईला गेले, महिंद्राकडून खेळले, नंतर एअर इंडियात. चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार एशियाड. १९९८ ला बँकॉकमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली एशियाडचं सुवर्ण आलं आणि लगेच त्यांना संघातून वगळण्यात आलं. त्यावर महाराष्ट्रात खूप शाई खर्ची पडली. मला मात्र दुसरीच गोष्ट दिसते. हॉकी संघटनेने ज्याला बाहेर ठेवलं त्याची नोकरी शाबूत होती. म्हणून तो माणूस परत येऊ शकला, आणखी दोन ऑलिम्पिक खेळू शकला, तोंड उघडून बोलूही शकला. पगार असला की स्वाभिमानाला उभं राहायला जागा मिळते. आबाजींना हे ठाऊक होतं, त्यांनी ते आडवळणाने सांगितलं.

यावर दोन हरकती येतात. पहिली अशी की नोकरीने खेळाडू सुस्त होतो, साहेबाच्या पुढेमागे करतो, तिशीतच पोट सुटतं. होतं तसं. अशी उदाहरणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण ज्यांनी मैदान गाजवलं तेही याच नोकऱ्यांतून आले, हे त्या पोटाकडे बघताना विसरायला होतं. दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. आता व्यावसायिक लीग आहे, लिलाव आहे, मग सरकारी टेबलाची गरज काय? हॉकी इंडिया लीग २०१३ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. मधली सात वर्षं म्हणजे एका खेळाडूची अख्खी उमेद. लीगचा पैसा चांगलाच असतो, पण तो वळवाच्या पावसासारखा. त्याच्या भरवशावर कोरडवाहू शेतकरी पेरणी करत नाही.

हॉकी कशामुळे मागे पडली, या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'क्रिकेटने खाल्ली' हे. मला ते पटत नाही, आणि माझा पुरावा साधा आहे. तारखा. १९७५ ला क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून आपण विश्वचषक जिंकलो. १९७६ ला माँट्रियलला पहिल्यांदा ऑलिम्पिक हॉकी कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे आलो. कपिलदेवचा विश्वचषक १९८३ चा. म्हणजे क्रिकेटचा पूर यायच्या सात वर्षं आधी आपली नाव फुटलेली होती. मध्ये १९८० ला मॉस्कोचं सुवर्ण आलं खरं, पण त्या वर्षी बरेच तगडे देश बहिष्कारामुळे आलेच नव्हते. खरा घाव टर्फचा. गवतावर चेंडू घोळवायची, मनगटाची, फसवण्याची कला मोठी. टर्फवर चेंडू सुसाट आणि सपाट पळतो, तिथे फुप्फुस आणि ताकद लागते. पण कलेपेक्षाही मोठा फटका असा बसला की मैदान कॉलनीतून उठून गेलं. गवताचं मैदान ग्राउंड्समन राखायचा. टर्फ कोट्यवधींत घालावं लागतं, काही वर्षांनी बदलावं लागतं, आणि खेळायच्या आधी त्याला न्हाऊ घालावं लागतं. ओलं नसेल तर चेंडू अडतो, गुडघे सोलपटतात.

पाणी! २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले, कारण लोकांना प्यायला पाणी नाही आणि मैदानांवर फवारे उडताहेत. ज्या वर्षी गावात टँकर येतो त्या वर्षी प्लॅस्टिकच्या गवतावर पाणी मारायला कोण धजेल? क्रिकेट टेनिसच्या चेंडूवर, गल्लीत, शेताच्या बांधावरही चालतं. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला तो आपल्या पोरांना आपला वाटतो, कारण त्याची सुरुवात त्यांना आपल्या दारात दिसते. आजच्या हॉकीची सुरुवात दारात होऊच शकत नाही. आधी घर सोडावं लागतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी, वसतिगृहात, दुसऱ्याच्या हातचं जेवत.

तरीही वऱ्हाडातून एक जण गेलाच. यवतमाळचा आकाश चिकटे. गोलकीपर. त्याच्या लहानपणी यवतमाळला ब्रॉडगेज नव्हती. नॅरोगेजची शकुंतला गाडी तेवढी मूर्तिजापूरपर्यंत धुक्-धुक् करत जायची. लांबचा प्रवास करायचा तर धामणगाव नाहीतर आमचं बडनेरा गाठायचं.

गोलकीपर हा हॉकीतला विचित्र प्राणी. बाकीचे दहा पळतात, हा वाट बघतो. बारा फूट रुंद आणि सात फूट उंच चौकट, समोरून ताशी शंभर किलोमीटरच्या वरही येणारा ड्रॅग-फ्लिक. पायात फोमचे जाड पॅड आणि किकर, छातीला गार्ड, डोक्यावर जाळीचं हेल्मेट. ऑक्टोबर २०१६ मध्ये मलेशियातल्या कुआंतानला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात, नेहमीचा गोलकीपर श्रीजेश जखमी म्हणून, पाकिस्तानसमोर आकाश उभा होता. भारत ३-२ जिंकला. २०१७ च्या ऑक्टोबरात ढाक्याच्या आशिया चषकात भारताचे दोन्ही गोलकीपर महाराष्ट्राचे होते, आकाश आणि मुंबईचा सूरज करकेरा. तिथेही सुवर्ण.

आणि मग ६ डिसेंबर २०१७. भुवनेश्वरचं कलिंगा स्टेडियम, वर्ल्ड लीग फायनलचा उपउपांत्य सामना, समोर रिओतला रौप्यविजेता बेल्जियम. वेळ संपली तेव्हा ३-३. शूटआउट. हा हॉकीतला शूटआउट फुटबॉलच्या पेनल्टीसारखा नव्हे. खेळाडू तेवीस मीटरच्या रेषेवरून चेंडू घेऊन धावत येतो, त्याच्यापाशी आठ सेकंद, आणि मध्ये एकटा गोलकीपर. पुढे सरसावायचं तर किती, आडवं पडायचं तर कधी. आधी जो हालेल तो हरला. आठ सेकंदांत दोघंही एकमेकांना फसवत असतात. पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरी. सडन डेथ. भारताच्या हरमनप्रीतने गोल केला. आता बेल्जियमचा आर्थर फान डोरेन, जो २०१७ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरणार होता. आकाशने त्याला अडवलं. ३-२. सगळं स्टेडियम उठून उभं, आणि चौकटीसमोर एक यवतमाळचं पोरगं, ज्याच्या जिल्ह्याचं नाव देशाच्या वर्तमानपत्रांत बहुधा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीतच छापून येतं.

त्यानंतर चार महिनेही गेले नाहीत. मार्च २०१८ पासून, उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यामुळे, आकाशवर दोन वर्षांची बंदी आली. शरीरात काय गेलं त्याची जबाबदारी खेळाडूची, हा जगभरचा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. इथे मी कैफियत मांडत नाही. मी फक्त कालगणना करतो. त्या दोन वर्षांत जकार्ताचं एशियाड झालं. त्याच वर्षी, त्याच कलिंगा स्टेडियमवर विश्वचषक झाला. पंचविशीतला गोलकीपर तेव्हा कुठे पिकायला लागतो. श्रीजेश २०२४ ला पॅरिसचं ब्राँझ घेऊन निवृत्त झाला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. आणि श्रीजेशच्या काळात दुसरा गोलकीपर असणं हे एरवीही कठीणच होतं. ऑलिम्पिकच्या सोळा जणांत साधारणपणे एकच गोलकीपर नेतात. दुसऱ्याने घरी टीव्हीवर बघायचं.

हे एवढं सगळं होऊन जातं आणि आपल्याकडे लोक विचारतात, तो चिकटे सध्या काय करतो? मी पूर्वी या प्रश्नावर चिडलो असतो. आता नाही. ज्या माणसाचं सगळं यश आठ-आठ सेकंदांच्या आत मावतं, त्याच्या उरलेल्या आयुष्याची कोणाला तरी काळजी वाटायला हवी. ती काळजी क्रीडा खात्याच्या आधी आपल्या लोकांना वाटते, 'लागला का' या शब्दांत.

फक्त त्या शब्दातला क्रम उलटला आहे, आणि खरी अडचण तिथे आहे. जुन्या काळी आधी नोकरी, मग खेळ. बापाच्या नोकरीने मैदान मिळायचं, मैदानाने पोराला नोकरी. आता राज्यात खेळाडूंना नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वेत क्रीडा कोटा आहे, पण तिथे पोचायचं तर आधी वरच्या पातळीवर खेळलेलं असावं लागतं. बक्षीस शेवटच्या टोकाला ठेवलंय, वाट कोणी बांधायची ते ठरलेलं नाही. शेवटच्या टोकालाच बक्षीस असलं की काय होतं तेही पाहिलं, बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजली. ओडिशाने वाट आधी बांधली. राउरकेलाजवळ पानपोषचं क्रीडा वसतिगृह १९८५ पासून चालू आहे. आदिवासी पोरगं बारा वर्षांचं असताना तिथे जातं, जेवण, शाळा, मैदान एकाच आवारात. महाराष्ट्राची क्रीडा प्रबोधिनी हीच कल्पना घेऊन निघाली आणि तिने पोरं घडवलीही. पण टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी ब्राँझ जिंकणाऱ्या पुरुष संघात महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. हे वाक्य मी दोनदा तपासून लिहितो आहे, कारण हॉकीपटू एलिझा नेल्सनच्या आणि धनराजच्या राज्यात ते खरं वाटत नाही.

बडनेऱ्यात आता वॅगन दुरुस्तीचा कारखाना आला आहे. दीडशे वर्षं रूळ अंगावर घेऊन जे आमच्या वाट्याला आलं नव्हतं ते उशिरा का होईना आलं. कारखान्यात माणसं लागतील, त्यांची पोरं होतील, पोरं संध्याकाळी कुठे तरी खेळतील. कुठे, हे अजून कोणी विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. मी आबाजींच्या वयाला पोचेन तेव्हा विचारीन म्हणतो.

त्या दुपारी गाडी आली. नेहमीप्रमाणे दोन मिनिटं थांबणार, जनरलचा डबा लांब पुढे, सगळे पळाले. लांबोडक्या बॅगवालं पोरगं चढून गेलं. गोलकीपरचा गठ्ठा दारात अडकला. आतले ओरडताहेत, बाहेरचे ढकलताहेत, पोरगं घामाघूम. बघतो तर आबाजी काठी बाकड्याला टेकवून आलेले, त्यांनी गठ्ठ्याला खालून खांदा लावला आणि एक जोराचा रेटा दिला. गठ्ठा आत गेला. गाडी हलली तसे ते दाराशी चार पावलं चालत ओरडले, "टीसीनं लगेज मांगलं त सांग, हाकीचं सामान हाये म्हणून."